बंदिवानाची आत्मपीडा : स्वभाव, स्थळ आणि काळ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली तेव्हा साहित्य, इतिहास किंवा समाजसुधारणा यांपैकी एखादा प्रशस्त विषय मी घेईन अशी त्यांची अपेक्षा असावी. आणि मी जो विषय कळविला तो वाचून, कारागृहातील माणसे स्वतःच्या देहाला इजा का करून घेतात या प्रश्नाशी नगरातील सुशिक्षित श्रोत्यांचे देणेघेणे काय, अशी शंका त्यांच्या मनात आली असल्यास ती मला अस्वाभाविक वाटत नाही. तरीही त्यांनी हरकत घेतली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. या प्रश्नाचा उगम आणि निकाल दोन्ही तुरुंगाच्या तटाच्या आतच असतात अशी आपली समजूत आहे. पण त्याची पुष्कळशी कारणे तटाच्या बाहेर, न्यायालयांच्या तारखांत, वकिलांच्या मौनात आणि आप्तांनी फिरविलेल्या पाठीत असतात, आणि म्हणूनच हा विषय आपलाही आहे, असे माझे मत आहे.

तुरुंगाविषयीची मराठी माणसाची कल्पना मोठ्या माणसांनी घडविली आहे. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातील एकशेएक दिवसांची हकिकत लिहिली. टिळकांनी मंडालेच्या बंदिवासात ‘गीतारहस्य’ सिद्ध केले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्याच साने गुरुजींनी पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. या परंपरेचा अभिमान बाळगावा तितका थोडाच. पण तिने आपल्या मनावर एक विपरीत संस्कारही करून ठेवला आहे. तुरुंग म्हणजे एकांत, एकांत म्हणजे चिंतन आणि चिंतनाचे फळ म्हणजे ग्रंथ, अशी एक साखळी आपण नकळत जुळविली आहे. ज्याच्यापाशी विद्या होती, ध्येय होते, आणि ज्याच्या सुटकेची वाट पाहणारा सारा समाज बाहेर उभा होता त्याला तुरुंग सोसला, यावरून यांपैकी काहीच ज्याच्यापाशी नाही त्यालाही तो सोसावा, आणि न सोसल्यास तो त्याच्या स्वभावाचाच दोष समजावा, असे अनुमान आपण काढून मोकळे होतो.

या परंपरेच्या ऐन मध्यावर मात्र एक प्रकरण असे आहे की ते आपण वाचूनही वाचीत नाही. १९१२ साली अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये, अलीपूरच्या खटल्यातील राजबंदी इंदुभूषण रॉय याने आत्महत्या केली. आणि त्याच वर्षी, त्याच खटल्यात आधी फाशीची व नंतर काळ्या पाण्याची शिक्षा झालेला, आनंदी वृत्तीचा म्हणून सोबत्यांत ख्यात असलेला उल्हासकर दत्त बुद्धिभ्रंश होऊन अखेर मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात रवाना झाला. हे दोघेही ध्येयाने भारलेले होते. कोलू तोच, कोठडी तशीच आणि बारी नावाचा जेलरही तोच. तरीही एकाने प्राण दिला, दुसऱ्याची बुद्धी ढळली आणि इतर तगले. प्राणत्यागाचा विचार आपल्याही मनात आला होता हे स्वतः सावरकरांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये लपवून ठेवलेले नाही. तेव्हा दोष माणसात होता की जागेत, हा प्रश्न त्या प्रकरणाने उभा केला आणि आजही प्रत्येक कारागृहात, प्रत्येक चौकशीच्या कागदावर तो तसाच उभा असतो. मृताच्या किंवा जखमीच्या स्वभावाकडे बोट दाखविणे चौकशी करणाऱ्या अंमलदाराला नेहमीच सोयीचे असते, कारण स्वभावाला जाबजबाब द्यावा लागत नाही.

प्रथम कायद्याने या कृतीकडे कोणत्या नजरेने पाहिले ते पाहू, कारण तुरुंगातील शिपायाची नजर शेवटी कायद्यानेच घडविलेली असते. १८९४च्या तुरुंग कायद्याचे ४५वे कलम तुरुंगातील अपराधांची यादी देते. हुकूम न मानणे, मारहाण करणे, बेड्यांशी किंवा गजांशी छेडछाड करणे, या अपराधांच्याच पंक्तीत दोन अपराध असे आहेत की ते आजच्या विषयाच्या मुळाशी जातात : एक, श्रम करण्यास स्वतःला हेतुपुरस्सर असमर्थ करून घेणे, आणि दुसरा, आजाराचे ढोंग करणे. या दोन कलमांमागची दृष्टी नीट न्याहाळण्यासारखी आहे. बंदिवानाचा देह हा सरकारच्या खाती जमा झालेला श्रम होय, आणि त्या देहाला त्याने स्वतः इजा केली तर ती सरकारी ऐवजाची अफरातफर होय, अशी ही दृष्टी आहे; जखमेमागे वेदना असेल ही शक्यता तिच्या हिशेबातच नाही, आणि असलीच तर ती ढोंगाच्या सदरात टाकण्याची सोय पुढच्याच एका पोटकलमात करून ठेवलेली आहे. शतकाहून अधिक काळ आपल्या तुरुंगांनी हा कायदा राबविला. मधल्या काळात बाहेरचा कायदा बदलला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५व्या कलमाने, जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे असे फर्माविले, आणि २०२३च्या भारतीय न्याय संहितेतून आत्महत्येच्या प्रयत्नाचा जुना अपराध गाळला गेला. पण सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केल्यास तो अपराध ठरविणारे कलम त्याच संहितेत नव्याने आले. आणि तुरुंगात केलेले काहीही कोणा ना कोणा सरकारी नोकराच्या समोरच घडत असल्यामुळे, जी सवलत नागरिकाला मिळाली ती बंदिवानाच्या पदरात कितपत पडेल याविषयी मला शंका आहे.

आता शास्त्राकडे वळतो. कारागृहातील मनोव्यथेचा विचार करणाऱ्यांत गेल्या शतकाच्या मध्यावर दोन तट पडले. न्यूजर्सी संस्थानातील ट्रेंटनच्या तुरुंगाचा अभ्यास करून ग्रेशम साइक्स या समाजशास्त्रज्ञाने १९५८ साली असे मांडले की बंदिवासाची खरी शिक्षा पाच प्रकारच्या वंचनांची असते : स्वातंत्र्य जाते, वस्तू आणि सोयी जातात, स्त्रीपुरुषसहवास जातो, स्वतःविषयीचे लहानसहान निर्णय घेण्याचा अधिकार जातो आणि सुरक्षितताही जाते, तुरुंगातील माणूस जसा वागतो तसा तो या वंचनांमुळे वागतो. चारच वर्षांनी अर्विन आणि क्रेसी यांनी याला छेद देणारा विचार मांडला. माणूस तुरुंगात येतो तो काही कोरा येत नाही. रस्त्यावरचे संस्कार, बालपणीचे घाव, व्यसने, मनाचे विकार हे सारे तो बरोबर घेऊन येतो, आणि तुरुंगातील त्याचे वर्तन हे या गाठोड्याचेच वर्तन असते. हा वाद पुढे पुष्कळ वर्षे चालला, आणि विद्यापीठीय वादांची जी गत होते तीच त्याची झाली : दोन्ही पक्षांना पुरावा मिळत गेला.

स्वभावाच्या बाजूचा पुरावा थोडा नाही, आणि तो मी मुळीच झाकून ठेवणार नाही. २०२० साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात फावरिल, हॉटन, फझेल प्रभृतींनी वीस देशांतील पस्तीस अभ्यास एकत्र करून, सहा लाखांहून अधिक बंदिवानांच्या माहितीच्या आधारे, स्वतःला इजा करून घेण्याशी कोणत्या गोष्टी किती निगडित आहेत याचा ताळा मांडला. त्यात सर्वांत वरचढ ठरल्या त्या मनाशी आणि पूर्वेतिहासाशी संबंधित गोष्टी : मरणाचे विचार मनात चालू असणे, पूर्वी कधी स्वतःला इजा केलेली असणे, तीव्र औदासीन्य, आणि ज्याला मानसशास्त्रज्ञ सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार म्हणतात तो विकार. याउलट वय, शिक्षण, वैवाहिक स्थिती, गुन्ह्याचा प्रकार, ज्यांवर तुरुंगाचे दफ्तर नवा कैदी दाखल होताच पानेच्या पाने खर्च करते, त्यांचा संबंध माफकच आढळला. दाखल्याच्या कागदात जे आवर्जून लिहिले जाते ते थोडे कामाचे, आणि जे विचारलेच जात नाही ते पुष्कळ कामाचे, असा याचा सरळ अर्थ आहे.

या स्वभावविशेषांचे थोडे विवरण केले पाहिजे. पहिला विशेष आवेगशीलतेचा. विचार आणि कृती यांच्यामध्ये सामान्य माणसाच्या मनात जो अवकाश असतो तो काहींच्या बाबतीत फारच अरुंद असतो. ज्या अरुंदपणाने त्यांच्या हातून क्षणार्धात दुसऱ्यावर वार झाला आणि ते तुरुंगात आले, तोच अरुंदपणा तुरुंगात, दुसरा कोणी हाती लागत नसला म्हणजे, स्वतःवर उलटतो. परपीडा आणि आत्मपीडा ही एकाच मनाची दोन रूपे असू शकतात हे अजूनही पुष्कळांना पटत नाही. हिंसक गुन्हेगार स्वतःला इजा करतो म्हणजे तो काहीतरी साधू पाहतो आहे, असेच त्यांना वाटते. दुसरा विशेष याहून सूक्ष्म आहे. आपल्याला जे होते आहे ते दुःख आहे, राग आहे, लाज आहे की भीती आहे, हे ओळखण्याची आणि त्याला शब्द देण्याची शक्ती काही माणसांत लहानपणीच खुरटते. ज्या घरात रडण्याला मार आणि तक्रारीला उपासमार हेच उत्तर असते, त्या घरात मूल शब्दांवरचा विश्वास गमावते. आणि पुढे मनातील कोंडी असह्य झाली की ती देहावर उमटते, कारण देहाची वेदना निदान कळते, तिला जागा असते आणि ती ओसरते. असे करून क्षणभर हलके वाटते असे कित्येक बंदिवान सांगतात, आणि ते खोटे नसते. त्या हलकेपणाचीच पुढे सवय जडते, आणि पूर्वीची इजा ही पुढच्या इजेची सर्वांत भरवशाची सूचना ठरते ती यामुळे. तिसरा विशेष नैराश्याचा. पण इथे नैराश्य म्हणजे नुसती खिन्नता नव्हे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांनी ज्या अवस्थेचे वर्णन सापळ्यात सापडल्याची भावना असे केले आहे, म्हणजे पराभव झाला आहे, सुटकेचा मार्ग नाही आणि कोणी सोडवायला येण्याचीही आशा नाही, ती ही अवस्था. बाहेरच्या माणसाच्या बाबतीत ही भावना बहुधा भ्रम असते आणि वैद्य तिचे निराकरण करू शकतो. कुलूपबंद कोठडीतील माणसाच्या बाबतीत मात्र तिच्यातील निम्मा भाग वस्तुस्थितीच असतो, आणि वैद्याची पंचाईत होते ती तेथेच.

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, तेथील मध्यवर्ती कारागृहातील पाच हजारांवर बंदिवानांची पाहणी करून २०११ साली जो अहवाल दिला त्यात, व्यसनाधीनता वगळूनही, सुमारे २७.६ टक्के बंदिवानांत निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला. व्यसनाधीनता धरली तर हेच प्रमाण ७९.६ टक्क्यांवर जाते. म्हणजे आपली कारागृहे ही, कोणी तसा हुकूम न काढताच, मनोरुग्णांची सर्वांत मोठी वसतिस्थाने झाली आहेत. आणि तेथे मनाचे वैद्य किती? २०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीने पाचशे बंदिवानांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा अशी तजवीज सुचविली. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ने २०२५ साली दिलेली संख्या, साऱ्या देशातील पावणेसहा लाख बंदिवानांसाठी, पंचवीस.

इतके सारे स्वभावाच्या बाजूने सांगून झाल्यावर, ज्या एका मुद्द्याने तराजू फिरतो असे मला वाटते त्याकडे येतो. विकार असलेले सगळेच स्वतःला इजा करीत नाहीत, आणि इजा करणारे सगळे विकारी नसतात. अ‍ॅलिसन लीबलिंग या विदुषीने इंग्लंडच्या तुरुंगांतील तरुण बंदिवानांच्या मुलाखती घेऊन १९९२ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात तिला भेद दिसला तो रोगी आणि निरोगी यांच्यातला नव्हता, तर ज्यांना बंद दाराआडचा वेळ कसा घालवावा हे साधले ते आणि ज्यांना ते साधले नाही ते यांच्यातला होता. दुसऱ्या प्रकारची मुले वाचू शकत नव्हती, कोणाशी बोलत नव्हती, त्यांना भेटायला फारसे कोणी येत नव्हते, आणि दार बंद झाले की भिंतीकडे पाहण्यापलीकडे त्यांना काही उरत नव्हते. टिळकांपाशी मंडालेत ग्रंथ होते, हे येथे आठवावे. नैतिक धैर्याचा जो भाग आपण सर्वस्वी स्वभावाच्या खाती टाकतो त्यातला काही हिस्सा पुस्तकांच्या पेटीचा असतो, असे म्हटल्याने लोकमान्यांचे थोरपण उणे होत नाही.

एकांतकोठडीविषयी तर आता संशयाला फारशी जागा राहिलेली नाही. न्यूयॉर्क शहराच्या तुरुंगांतील सुमारे अडीच लाख प्रवेशांच्या नोंदी तपासून २०१४ साली तेथील वैद्यांनी जो निबंध लिहिला त्याप्रमाणे, ज्यांच्या वाट्याला कधी ना कधी एकांतकोठडी आली असे प्रवेश ७.३ टक्के होते. पण स्वतःला इजा करण्याच्या एकूण घटनांपैकी ५३.३ टक्के घटना या छोट्या गटात घडल्या. यावर असा आक्षेप घेता येईल, आणि तो घेतला पाहिजे, की ज्यांचे मन मुळात बिघडलेले तेच नियम मोडतात आणि तेच एकांतात पाठविले जातात; मग कोठडीला दोष का द्यावा? त्या वैद्यांनी गंभीर मनोविकार, वय आणि बंदिवासाचा काळ यांचा हिशेब करूनही इजेचा संभव सुमारे सातपट राहतोच असे दाखविले. शिवाय त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदविली जी कोणाही तुरुंगाधिकाऱ्याने ध्यानात घ्यावी : काही बंदिवान एकांतातून निदान इस्पितळापर्यंत तरी सुटका व्हावी म्हणून स्वतःला इजा करीत, आणि त्या इजेची शिक्षा म्हणून पुन्हा एकांतच त्यांच्या वाट्याला येई. आपल्याकडे एकांतवासाची शिक्षा जुन्या दंडसंहितेत होती आणि नव्या न्याय संहितेतही कायम आहे. सलग चौदा दिवसांहून अधिक नाही एवढी मर्यादा दोन्हीकडे घातलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सुनील बत्रा प्रकरणात, ज्याची फाशी अंतिम झालेली नाही अशा बंदिवानाला केवळ त्या शिक्षेच्या निमित्ताने एकांतात कोंडता येणार नाही असा निवाडा दिला. तरीही ‘सुरक्षेसाठी’ वेगळी कोठडी, ‘शिस्तीसाठी’ वेगळी कोठडी, हा शिरस्ता नाव बदलून चालूच असतो. आणि ‘त्याने जिवाचे बरेवाईट करू नये म्हणून’ वेगळी कोठडी, हा तर त्या शिरस्त्याचा सर्वांत दारुण प्रकार होय.

येथे आपल्या गर्दीने भरलेल्या बराकींविषयी एक गोष्ट, थोड्या संकोचाने का होईना, नमूद केली पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे देशातील कारागृहांत क्षमतेच्या १३१.४ टक्के माणसे होती, आणि या दाटीचे दुष्परिणाम सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. पण पाश्चात्त्य अभ्यासांत एकट्याची कोठडी ही आत्महत्येशी निगडित एक प्रमुख गोष्ट म्हणून पुनःपुन्हा आढळते, आणि आपल्या बराकीत माणूस क्वचितच एकटा असतो. शेजारच्या सतरंजीवरचा माणूस रात्री जेवला नाही, दोन दिवस बोलला नाही, याची खबर हवालदाराच्या आधी बराकीला लागते. बराकीने वाचविलेल्या जिवांची नोंद कोणत्याही दफ्तरात नसते. म्हणून दाटी चांगली असे मी म्हणत नाही. सोबत हे औषध आहे, आणि आपण ते गैरसोयीच्या पुडीत बांधून देतो, एवढेच म्हणतो.

जागेइतकाच काळाचा विचार महत्त्वाचा, आणि माझ्या मते या साऱ्या चर्चेत तोच सर्वांत उपेक्षित राहिला आहे. बंदिवासाचा काळ वरून एकसुरी दिसतो. घंटा, गिनती, जेवण, बंदी, पुन्हा घंटा. पण धोक्याच्या दृष्टीने तो मुळीच समान नसतो. पहिली रात्र आणि पहिला आठवडा हा सर्वांत कठीण काळ, हे देशोदेशी आढळून आले आहे. काल जो घरी जेवला त्याची आज झडती झाली, त्याचे कपडे उतरविले गेले, त्याच्या नावाला नंबर लागला. दारूचे किंवा गर्दचे व्यसन असल्यास त्याच रात्री अंग तुटू लागते, आणि ती तगमग पुष्कळदा बेशिस्त म्हणून नोंदली जाते. ज्याने रागाच्या भरात घरच्याच माणसाचा जीव घेतला आहे त्याला तर आपण काय केले याची पुरती जाणीव याच दिवसांत होते, आणि ज्यांच्याकडे जाऊन रडावे तेच फिर्यादी पक्षात बसलेले असतात. पहिल्यांदाच आत आलेल्या अब्रूदार माणसाला शिक्षेची भीती नसते इतकी शेजाऱ्यांना काय तोंड दाखवू याची असते. त्यानंतरच्या धोक्याच्या घटिकाही अगदी मुक्रर आहेत : जामीन नामंजूर झाल्याचा दिवस, निकालाचा दिवस, अपील फेटाळल्याचा दिवस, पत्नीकडून फारकतीची नोटीस आल्याचा दिवस, आणि ठरलेली मुलाखत कोणीच न आल्याने हुकल्याचा दिवस. यांतील बहुतेक तारखा तुरुंगाच्या दफ्तराला आगाऊ ठाऊक असतात. भूकंपाचे भाकीत कोणाला करता येत नाही. पण उद्या कोणत्या कैद्याची तारीख आहे हे तुरुंगाच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असते.

२०२२च्या त्याच अहवालात ५,७३,२२० बंदिवानांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतील तीन, न्यायाधीन होते; कच्चे कैदी. सिद्धदोष बंदिवानाला निदान आपली मुदत ठाऊक असते. तो वर्षे मोजतो, माफीचे दिवस वजा करतो, संचित रजेचा अर्ज लिहितो. कच्च्या कैद्यापाशी मोजण्याजोगे काहीच नसते. तारखेला गाडी मिळाली नाही, पोलीस पार्टी आली नाही, न्यायाधीश रजेवर, साक्षीदार गैरहजर : तारीख पुढे जाते, आणि का गेली हे त्याला सांगणे कोणाचेच काम नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली न्यायमूर्ती अमिताव रॉय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने दाखविले की २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत कारागृहांतील ८१७ अनैसर्गिक मृत्यूंपैकी ६६० आत्महत्या होत्या. समितीने बराकींची रचना बदलण्याचीही शिफारस केली, आणि ती योग्यच आहे. पण मेलेल्यांची मोजदाद करणारा आपला वार्षिक अहवाल जखमींची मोजदाद करीत नाही. ज्यांनी स्वतःला इजा केली आणि जे जगले, ते कोणत्याही कोष्टकात नाहीत.

ती मोजदाद केली म्हणजे काय दिसते हे इंग्लंड-वेल्सच्या नोंदींवरून कळते. २००४ ते २००९ या काळात तेथे सव्वीस हजारांवर बंदिवानांनी स्वतःला इजा केल्याच्या १,३९,१९५ घटना नोंदल्या गेल्या. वर्षाला पुरुष बंदिवानांपैकी पाच-सहा टक्के, तर स्त्रियांपैकी वीस ते चोवीस टक्के यांत सापडल्या, आणि केवळ १०२ स्त्रियांच्या नावावर सतरा हजारांहून अधिक घटना होत्या. या शेवटच्या आकड्यापाशी मी नेहमी थांबतो. लहानपणापासून अत्याचार सोसलेली, मुलांपासून तुटलेली, सासर आणि माहेर दोन्हींनी टाकलेली स्त्री तुरुंगात येते तेव्हा तिला भेटायला येणाऱ्यांची रांग पुरुषाच्या मानाने फार आखूड असते. नवरा आत गेला तर बायको डबा घेऊन फाटकाशी उभी राहते, बायको आत गेली तर नवरा बहुधा दुसरे घर मांडतो. आपल्याकडे कैदी बापाची किंवा आईची मुलांशी प्रत्यक्ष भेट घडविणारा ‘गळाभेट’ हा उपक्रम महाराष्ट्राच्या कारागृहांनी सुरू केला, त्याचे मोल मी कोणत्याही औषधाहून कमी लेखीत नाही.

याच नोंदींतून एक गोष्ट अशी निघाली की तिने ‘नाटक’ या शब्दाचा निकाल लावावा. तुरुंगातील भाषेत, हवालदारापासून वैद्यापर्यंत, हा शब्द सर्रास वापरला जातो : नाटक करतोय, इस्पितळात जायचे आहे, बराक बदलून हवी आहे. असा हेतू कधी नसतोच असे मी म्हणणार नाही. ज्याच्यापाशी अर्ज लिहायला अक्षर नाही, अर्ज पुढे पाठवील असा माणूस नाही, त्याच्या हाती वाटाघाटीसाठी देहाखेरीज काय उरते? पण हेतू आणि धोका या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्वतःला इजा केलेल्यांपैकी जे पुढे तुरुंगातच आत्महत्येने गेले, त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू त्या इजेनंतर एका महिन्याच्या आत घडले होते. ज्याला नाटक म्हणून हिणवून परत बराकीत धाडले, त्याचा पुढचा महिना हा त्याच्या साऱ्या बंदिवासातील सर्वांत धोक्याचा महिना असतो. शिवाय अशा घटना एकाच जागी, एकाच सुमारास घोळक्याने घडतात असेही त्याच नोंदींत आढळले, म्हणजे एकाच्या इजेनंतर साऱ्या बराकीकडेच लक्ष देण्याची गरज असते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक वेळा साऱ्या बराकीची झडती होते.

उपायांविषयी मी थोडक्यात बोलणार आहे, कारण ते फारसे गूढ नाहीत. वेल्समधील स्वान्सीच्या तुरुंगात १९९१ साली ‘समॅरिटन्स’ या संस्थेने निवडक कैद्यांनाच ऐकून घेण्याचे शिक्षण दिले, आणि ‘लिसनर्स’ या नावाची ती योजना पुढे तेथील बहुतेक तुरुंगांत पसरली. कैद्याचे दुःख कैद्याने ऐकावे यात खर्च नाही, इमारत नाही. लागतो तो एवढाच विश्वास की गुन्हा केलेला माणूसही दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकतो. हा विश्वास आपल्याला परका नाही. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीनजीक स्वतंत्रपूर येथे खुली वसाहत काढून, खुनाच्या शिक्षेतील बंदिवानांना कुटुंबासह शेतीवर ठेवले, तेव्हा तेथे भिंत नव्हती. ज्या प्रयोगाचे नाव आज आपण एका चित्रपटाच्या निमित्ताने घेतो तो जगाच्या पुढे होता. आणि त्याचा विस्तार न करता आपण कोठड्याच वाढवीत राहिलो, हा माझ्या मते आपल्या कारागृह-प्रशासनाचा मोठा कसूर आहे.

शेवटी, या सभागृहात वकील मंडळी पुष्कळ आहेत असे दिसते, आणि काही निवृत्त न्यायाधीशही आहेत. त्यांना माझी विनंती आहे. आपल्या अशिलाचा जामीन नामंजूर झाला तर ती बातमी त्याला गाडीतल्या शिपायाकडून कळू देऊ नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगात जाऊन ती आपल्या तोंडाने सांगा, पुढचा अर्ज कोठे आणि केव्हा करणार हेही सांगा, आणि निघताना तेथील अधिकाऱ्याच्या कानावर घाला की आज या माणसाकडे थोडे अधिक लक्ष असू द्या. आणि ज्यांचा कोणी नातलग आत आहे, मग त्याने काहीही केलेले असो, त्यांनी पहिल्या आठवड्यातली पहिली मुलाखत चुकवू नये.